रानकुत्रा आणि त्याचे जगभरातील भाऊबंद

विदर्भातील जंगलांच्या काठावर राहणाऱ्या ग्रामस्थांना पहाटेच्या वेळी कधीकधी एक बारीक, लांबलेली शीळ ऐकू येते. गुराखी मुलाने घातलेली ती शीळ नसते. दाट झाडीत विखुरलेले रानकुत्रे परस्परांना आपला ठावठिकाणा कळवीत असतात. गावच्या कुत्र्यासारखे भुंकणे या प्राण्याला येत नाही. शीळ हीच त्याची संकेताची भाषा. मराठी मुलखात 'कोळसून', 'कोळसुंदा' किंवा नुसता 'रानकुत्रा' या नावांनी ओळखला जाणारा हा प्राणी लोकांच्या मनात क्रूरतेचे प्रतीक होऊन बसला आहे. वास्तविक पाहता, तो जगातील अत्यंत दुर्मिळ मांसाहारी प्राण्यांपैकी एक असून त्याच्या अस्तित्वाचा प्रश्न गावच्या कुत्र्याशी आणि पर्यायाने गावाच्या कारभाराशी निगडित झालेला आहे. हा संबंध ध्यानात येण्यासाठी रानकुत्र्याची आणि त्याच्या देशोदेशीच्या भाऊबंदांची ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

श्वानकुलाचा विस्तार

लांडगा, कोल्हा, खोकड आणि पाळीव कुत्रा हे सर्व प्राणी मांसाहारी गणातील श्वानकुलात मोडतात. या कुलात आजमितीस सुमारे ३६ जाती ओळखल्या जातात आणि अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत त्यांचा आढळ आहे. पाळीव कुत्रा हा लांडग्याचा वंशज होय. 'रानकुत्रा' म्हणजे रानात जाऊन राहिलेला पाळीव कुत्रा, असा एक समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. खरे रानकुत्रे कधीच पाळीव नव्हते. त्यांच्या जाती पाळीव कुत्र्याहून कितीतरी प्राचीन आणि स्वतंत्र आहेत.

आशियातील ढोल अथवा कोळसून, आफ्रिकेतील ठिपकेदार रानकुत्रा आणि दक्षिण अमेरिकेतील झुडुपी कुत्रा या तिघांना खऱ्या अर्थाने रानकुत्री म्हणता येईल. या तिघांच्या खालच्या जबड्यातील मुख्य दाढेची मागील बाजू एकाच धारदार टोकाची असते. इतर श्वानांत ती वाटीसारखी पसरट असून फळे, किडे यांसारखे पदार्थ चिरडण्यास उपयोगी पडते. मांस झपाट्याने कापून गिळणाऱ्या प्राण्याला मात्र वाटीपेक्षा सुरी अधिक उपयोगाची असते. दातांच्या या साम्यामुळे पूर्वीचे प्राणिशास्त्रज्ञ या तिन्ही जातींना एकाच उपकुलात घालीत असत. पुढे २००५ साली कुत्र्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात श्वानकुलाची वंशावळही मांडली गेली. तीनुसार आशियाई व आफ्रिकी रानकुत्रे हे लांडग्याच्या जवळचे, तर झुडुपी कुत्रा हा दक्षिण अमेरिकेतीलच आयाळी लांडग्याचा निकटचा नातलग ठरला. दातांचे साम्य वंशातून आलेले नसून सारख्या आहारातून निर्माण झालेले आहे, हे यावरून स्पष्ट झाले. उत्क्रांतीचा पाठ शिकविताना शिक्षकांना हे उदाहरण निश्चितच उपयोगी पडेल.

दख्खनचा कोळसून

रानकुत्र्याच्या शास्त्रीय इतिहासात महाराष्ट्राला एक स्थान आहे. प्येटर सिमोन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने १८११ साली या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर दख्खनच्या पठारावर सांख्यिकीचे काम पाहणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ साली येथील रानकुत्र्याची नोंद केली आणि त्यास दख्खनवरून 'दुखुनेन्सिस' असे नाव दिले. मराठे या प्राण्यास 'कोळसून' म्हणतात, हेही त्याने नमूद करून ठेवले. दख्खनचा प्राणी ही स्वतंत्र जाती नव्हे, हे पुढे सिद्ध झाले. तथापि उपजातीच्या नावात दख्खनचा उल्लेख टिकून राहिला.

कोळसून आकाराने मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याएवढा असतो. त्याचे वजन साधारणतः १२ ते २० किलो भरते. अंगावरील केस विटकरी तांबूस, कान गोलसर आणि शेपूट झुपकेदार व टोकाकडे काळे असते. ही तीन लक्षणे लक्षात ठेवली तर रानात शिरलेले गावकुत्रे आणि खरा रानकुत्रा यांत गफलत होत नाही. पिले जन्मतः मात्र काळपट तपकिरी असतात. बहुतेक श्वानांना ४२ दात असतात, तर कोळसुनास ४०. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक दाढ कमी असते. मादीला स्तनाग्रेही इतर श्वानांपेक्षा अधिक असतात, कारण एका वेताला होणारी पिले पुष्कळ असतात.

कोळसुनाचे खरे बळ त्याच्या एकजुटीत आहे. पाचदहा जणांची टोळी चितळ किंवा सांबरासारख्या, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्राण्याची शिकार करते. टोळीत सामान्यतः एकच जोडी प्रजनन करते आणि उरलेले सदस्य तिची पिले वाढविण्यास हातभार लावतात. शिकारीहून परतलेले रानकुत्रे पोटातील मांस बाहेर काढून बिळाशी थांबलेल्या मातेला व पिलांना भरवितात. पिले चालती झाल्यावर शिकारीवर पहिला हक्क त्यांचा मानला जातो. १९७० च्या दशकात डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी कर्नाटकातील बंदीपूर येथे या प्राण्याचा सखोल अभ्यास केला. मुक्त वावरणाऱ्या सस्तन प्राण्याचा भारतीय शास्त्रज्ञाने केलेला तो आरंभीचा एक महत्त्वाचा अभ्यास होय. तोपर्यंत शिकाऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवर उभी असलेली या प्राण्याविषयीची समजूत अशा अभ्यासांमुळे बदलू लागली.

बदनामीची किंमत

रानकुत्र्याची शिकार पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणते, हे खरे. वाघ किंवा बिबट्या सावजाचा गळा धरून त्यास ठार करतो. रानकुत्र्यांचे जबडे तेवढे मोठे नसल्यामुळे टोळी सावजावर चहूबाजूंनी तुटून पडते आणि त्याचा प्राण जाण्यापूर्वीच खाण्यास आरंभ करते. या दृश्यावरून त्यास निर्दय ठरविण्यात आले. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या किपलिंगच्या दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये दख्खनकडून येणारी तांबडी कुत्री सबंध रानाचा थरकाप उडविणारी म्हणून रंगविलेली आहेत. इंग्रजी अमदानीतील शिकाऱ्यांना तर हा प्राणी आपल्या हक्काची हरणे पळविणारा प्रतिस्पर्धी वाटत असे. परिणामी त्यास 'उपद्रवी' ठरवून मारणाऱ्यास सरकारी बक्षीस देण्याची पद्धत पडली. बिळे खणून पिले मारण्यात आली आणि मृत जनावरांत विष कालवून टोळ्याच्या टोळ्या नष्ट करण्यात आल्या.

स्वातंत्र्यानंतरही हे धोरण एकाएकी थांबले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे रानकुत्र्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. ज्यास मारल्याबद्दल काल बक्षीस मिळत होते, त्यास मारणे आज गुन्हा ठरले. परंतु तोपर्यंत पुष्कळ हानी होऊन गेली होती. मध्य आशियापासून जावा बेटापर्यंत पसरलेला हा प्राणी आपल्या मूळ प्रदेशाच्या फार मोठ्या भागातून नाहीसा झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१५ च्या मूल्यमापनानुसार प्रजननक्षम रानकुत्र्यांची जगातील संख्या सुमारे ९५० ते २,२०० एवढीच असावी. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारी, पेंच, मेळघाट आणि नवेगाव-नागझिरा येथे, तसेच सह्याद्रीत चांदोली-कोयनेच्या परिसरापासून दक्षिणेस गोव्याच्या घाटमाथ्यापर्यंत त्याचे वास्तव्य आहे.

रानकुत्र्याने माणसावर हल्ला केल्याची विश्वसनीय नोंद जवळजवळ नाही, ही गोष्ट ग्रामस्थांना आवर्जून सांगितली पाहिजे. क्वचित प्रसंगी रानात चरावयास सोडलेली वासरे किंवा शेळ्या तो मारतो आणि ज्याचे जनावर जाते त्या शेतकऱ्याचे नुकसान खरेच असते. अशा नुकसानीबद्दल शासनाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. मात्र घटनेची माहिती विलंब न करता नजीकच्या वन कार्यालयास देणे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर न हलविणे आवश्यक असते. सूडबुद्धीने मृत जनावरात विष घालणे हा तर गुन्हा आहेच. शिवाय त्या विषाला वाघ, बिबटे, गिधाडे आणि गावची कुत्रीही बळी पडतात.

आफ्रिकेचा ठिपकेदार रानकुत्रा

आफ्रिकेतील रानकुत्र्याच्या अंगावर काळ्या, पांढऱ्या व पिवळसर रंगांचे अनियमित पट्टे असतात. कोणत्याही दोन कुत्र्यांचे ठिपके सारखे नसल्याने अभ्यासकांना प्रत्येकाची ओळख छायाचित्रावरून पटविता येते. १८२० साली त्याचे वर्णन करणाऱ्या टेमिंक या डच प्राणिशास्त्रज्ञाचा तो तरस असल्याचा समज झाला होता. अन्य श्वानांच्या पुढच्या पायांना पाच बोटे असतात, तर याला चारच. त्याचे मोठे, वाटोळे कान मोकळ्या गवताळ प्रदेशात दूरवरच्या हाका टिपण्यास उपयोगी पडतात.

या टोळ्यांची सामाजिक वृत्ती थक्क करणारी आहे. जखमी व आजारी सदस्यांना शिकारीत वाटा मिळतो. बोत्स्वाना देशात केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, शिकारीस निघण्यापूर्वी टोळी एकत्र जमते आणि जितके अधिक सदस्य शिंकल्यासारखा आवाज करतात तितकी टोळी निघण्याची शक्यता वाढते. प्रमुख जोडी पुढाकार घेत असेल तर थोड्या शिंका पुरतात. एखादा कनिष्ठ सदस्य पुढे झाला असेल तर अधिक शिंका लागतात.

एवढा संघटित प्राणीही आज संकटात आहे. विसाव्या शतकातील बराच काळ आफ्रिकेतील संरक्षित वनांतसुद्धा त्यास हानिकारक समजून गोळ्या घालण्यात येत असत. २०१२ च्या मूल्यमापनानुसार प्रजननक्षम प्राण्यांची संख्या सुमारे १,४०० एवढीच होती. तांझानियातील सेरेंगेटीच्या मैदानात तर अभ्यासाखाली असलेल्या सर्व टोळ्या १९९१ पर्यंत नाहीशा झाल्या. रेबीज, म्हणजेच अलर्क रोग, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. दक्षिण आफ्रिकेत कुंपणबंद अभयारण्यांतून टोळ्यांची ठरावीक काळाने अदलाबदल करून वेगवेगळ्या ठिकाणच्या कुत्र्यांचा संकर घडवून आणला जातो आणि विखुरलेली संख्या टिकविली जाते.

दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया

दक्षिण अमेरिकेतील झुडुपी कुत्र्याची कथा निराळीच आहे. पेटर लुंड या डॅनिश संशोधकाने ब्राझीलमधील गुहांत सापडलेल्या जीवाश्मांवरून त्याचे पहिले वर्णन केले आणि तो नामशेष झालेला प्राणी असल्याचे अनुमान काढले. पुढे त्याच रानात जिवंत प्राणी आढळला. आखूड पाय, बुटके शरीर आणि ५ ते ८ किलो वजन असलेल्या या कुत्र्याच्या बोटांमध्ये पडदे असतात. तो उत्तम पोहतो आणि पाका नावाच्या मोठ्या कृंतकाचा पाण्यातही पाठलाग करतो. पनामापासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत त्याचा आढळ असला, तरी तो क्वचितच दृष्टीस पडतो.

ऑस्ट्रेलियाचा डिंगो हा वरील अर्थाने खरा रानकुत्रा नव्हे. सुमारे तीन ते चार हजार वर्षांपूर्वी माणसाबरोबर समुद्रमार्गे आलेल्या कुत्र्यांचे वंशज तेथे रानवट झाले आणि त्या खंडाचे प्रमुख शिकारी बनले. टास्मानिया बेटावर मात्र ते पोहोचले नाहीत. मेंढ्यांचे कळप वाचविण्यासाठी ऑस्ट्रेलियात सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे कुंपण राखले जाते. या कुंपणाने निसर्गाचा एक प्रयोगच मांडून ठेवला आहे. ज्या बाजूस डिंगो नाहीत त्या बाजूस कांगारूंची संख्या वाढून गवतावर ताण पडल्याचे अभ्यासकांना आढळले. शिकारी प्राणी हटविला की त्याचा परिणाम गवताच्या काडीपर्यंत पोहोचतो, हा धडा तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

माणसाच्या हातून श्वानकुलातील एखादी जाती समूळ नष्ट होऊ शकते, याचे उदाहरण फॉकलंड बेटांवर घडले. तेथील लांडगा माणसाला बुजत नसे. चार्ल्स डार्विनने १८३३ व १८३४ साली या बेटांना भेट दिली, तेव्हाच हा प्राणी लवकरच नाहीसा होईल असे भाकीत त्याने केले होते. १८७६ साली ते खरे ठरले.

इथिओपियाचा धडा

आफ्रिकेतील इथिओपिया देशात समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून उंच असलेल्या पठारांवर एक तांबूस, सडपातळ लांडगा राहतो. तो कळपाने राहतो, परंतु तेथील बिळांत राहणाऱ्या मोठ्या घुशींसारख्या कृंतकांची शिकार एकट्याने करतो. त्याची एकूण संख्या सुमारे ५०० असून निम्म्याहून अधिक बाले पर्वतात आहेत. त्याच पठारावर पशुपालक आपली गुरे नेतात आणि त्यांच्यासोबत राखणीची कुत्रीही जातात. १९९० च्या दशकाच्या आरंभी, पुढे २००३, २००८ आणि २०१४ साली या कुत्र्यांकडून रेबीजचा संसर्ग लांडग्यांत पोहोचला. २००३ च्या साथीत एका खोऱ्यातील सुमारे तीन चतुर्थांश लांडगे मेले.

यावर योजिलेला उपाय विचार करण्याजोगा आहे. पशुपालकांना हुसकावून लावण्यात आले नाही की कुत्र्यांची सरसकट कत्तल करण्यात आली नाही. गावोगावच्या कुत्र्यांचे लसीकरण करण्यात आले, साथीच्या वेळी लांडग्यांना पकडून लस टोचण्यात आली आणि २०१८ पासून आमिषातून तोंडावाटे देण्याची लसही वापरात आली. यात पशुपालकांचाही लाभ होता, कारण पिसाळलेल्या कुत्र्यापासून त्यांची मुले आणि गुरे यांनाही तेवढाच धोका होता.

गावकुत्र्यांकडून येणारे संकट केवळ रेबीजपुरते मर्यादित नाही. 'कॅनाइन डिस्टेंपर' हा विषाणुजन्य रोग माणसाला होत नसला, तरी वन्य मांसाहारी प्राण्यांना घातक ठरतो. १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे १,००० सिंह या रोगाने मेले, म्हणजे तेथील एक तृतीयांश सिंहसंख्या नष्ट झाली. २०१८ साली गुजरातमधील गीरच्या जंगलात थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, तेव्हाही हाच विषाणू आढळून आला. टोळीने राहणाऱ्या, एकमेकांना चाटणाऱ्या आणि एकाच शिकारीवर तुटून पडणाऱ्या रानकुत्र्यांत असा रोग शिरल्यास सबंध टोळी संपण्यास फार काळ लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या हाती असलेले काम

व्याघ्रप्रकल्पांचे व्यवस्थापन वनविभागाकडे असते. परंतु जंगलाच्या काठावरील गावात किती कुत्री मोकाट फिरतात, त्यांपैकी किती कुत्र्यांना लस टोचलेली आहे आणि मेलेले जनावर कोठे टाकले जाते, या गोष्टी ग्रामपंचायतीच्या कक्षेत येतात. रानकुत्र्याचे भवितव्य बऱ्याच अंशी या साध्या बाबींवर अवलंबून आहे.

एखाद्या परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिल्यास रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. हे प्रमाण गाठावयाचे तर प्रथम गावातील पाळीव व मोकाट कुत्र्यांची गणना केली पाहिजे. त्यानंतर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने दरवर्षी ठरावीक दिवशी लसीकरण घडवून आणले पाहिजे. पिले सतत जन्मत असल्याने एका वर्षीच्या मोहिमेने काम संपत नाही. कुत्र्यांना विष घालण्याचा मार्ग बेकायदेशीर आहे, तसाच तो निरुपयोगीही आहे, कारण रिकाम्या झालेल्या जागी शेजारच्या गावातील लस न टोचलेली कुत्री येतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनी मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर सोपविलेली आहे. मेलेली गुरे गावालगत उघड्यावर टाकण्याची पद्धतही थांबली पाहिजे, कारण त्या ठिकाणी गावकुत्री आणि रानातील प्राणी एकत्र येतात. गुराख्यांनी आपली कुत्री जंगलात मोकळी सोडू नयेत, असा ठराव ग्रामसभेला करता येईल.

शाळांनाही या कामात वाटा उचलता येईल. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कुत्रा चावल्यास जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी, हे मुलांना शिकविले तर माणसांचे प्राण वाचतील. त्याच तासाला कोळसुनाचे चित्र फळ्यावर काढून त्याची ओळख करून दिली तर त्याच्याविषयीची अकारण भीतीही ओसरेल.

एकेकाळी सरकारी बक्षिसाच्या लोभाने रानकुत्र्याची बिळे खणली गेली. तो काळ मागे पडला. आता बंदुकीपेक्षा लस न टोचलेल्या गावकुत्र्याची भीती अधिक आहे आणि तिचे निवारण करणे कोणत्याही गावाच्या आवाक्यातील आहे. जे लसीकरण गावातील मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशापासून वाचविते, तेच रानातील टोळीलाही त्या रोगापासून दूर ठेवते. ही दोन कामे वेगळी नाहीत, एवढे गावोगावच्या पंचांच्या ध्यानात आले, तर दख्खनच्या रानात पहाटेची ती शीळ पुढील पिढ्यांनाही ऐकू येत राहील.